गिरणीची आंघोळ

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (तुझे गुडघे वाकत नाहीत म्हणून तुझ्या वाटचाही मीच वाकलो, असं समज.) गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की करते असं फक्त डॉक्टरांना सांगतेस? मांजर जेवतं ना? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत आणि तू दिलेली गिरणीही अगदी ठणठणीत आहे. तू गिरणीबद्दल विचारलं नव्हतंस हे खरं, पण विचारशील म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता ठणठणीत आहे म्हटल्यावर मधे आजारी होती हे ओघाने आलंच, तेव्हा सगळं नीट सांगतो. सासूबाईंनी शिवणकामाचं दुकान बंद केलं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या, हे तुला ठाऊक आहेच. डोळ्यांनी साथ सोडली, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून बंद करावं लागलं. आल्या त्या दिवसापासून खिडकीशी बसून असायच्या. चहा दिला तर प्यायच्या, नाही दिला तर मागायच्या नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर गिऱ्हाइकांना ‘श्वास आत घ्या’ म्हणून दरडावलं, ती आमच्या घरात श्वासही विचारून घेतेय असं वाटायचं. हिने मला बजावून ठेवलं होतं, की आईच्या मनाला लागेल असा एक शब्दही बोलायचा नाही. मी शब्दच कमी केले. (तू आता म्हणशील, पत्रात ते सगळे भरून काढतोयस. काढतोय.)

असा मी एके दिवशी छापखान्यातून प्रुफं तपासून घरी येतो, तर ओट्यावर ताट-वाट्यांच्या शेजारी तुझी गिरणी निथळत ठेवलेली. बिअरसाठी जव भरडायची गिरणी, आत्या! तिला कोरड्या ब्रशशिवाय काही लावायचं नाही, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि इथे तिला गरम पाणी, साबण, काथ्या, सगळं यथासांग लाभलेलं. बाजूला सासूबाई पदराला हात पुसत उभ्या, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू. म्हणाल्या, ‘घासून लख्ख केली बघा.’ मी तोंड उघडलं तेवढ्यात हिने माझ्या पायावर पाय ठेवला. (ठेवला हा शब्द मी नात्याला जपून वापरतो आहे.) उघडलेल्या तोंडाचं काहीतरी करायला हवं, म्हणून मी ‘वा, छान’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जव चिरडणारे दोन्ही रोलर गंजून गाजरासारखे दिसत होते. एक फिरायचा, दुसरा त्याच्याकडे नुसता बघत बसायचा. सासूबाईंना कळता कामा नये, म्हणून गिरणी टॉवेलात गुंडाळून मी न्हाणीघरात नेली, आणि तिकडून मागच्या दाराने शेजारच्या उपायकाकांकडे. हे गृहस्थ गोदीतून निवृत्त झालेत आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो, गोष्ट बिघडलेली नसली तरी. त्यांनी रोलरवरून बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि सांगितलं, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. मी ठेवली. सगळं घर आंबट झालं. सासूबाईंना वाटलं, लेक व्हिनेगरने खिडक्यांच्या काचा पुसतेय. त्यांनी कौतुक केलं आणि हिला खरोखरच सगळ्या खिडक्या पुसाव्या लागल्या. त्याबद्दल ती माझ्याशी अजून पुरतं बोलत नाही.

गंज मात्र गेला. खाचाखाचांतून गेला. फक्त रोलर ज्यांत फिरतात ती पितळी कडी काढून ठेवायला हवी होती, ते काका सांगायला विसरले. ती बिचारी लाजल्यासारखी गुलाबी होऊन बाहेर आली. तरी माझा जीव भांड्यात पडला. व्हिनेगरचा वास जावा म्हणून मी रोलर पाण्याखाली धरले (हो, पाण्याखालीच, वाच आणि पुढे चल) आणि पुसायला फडकं शोधायला गेलो. फडकं घेऊन आलो तोवर गंज परत आला होता. काका म्हणाले, असं होतं कधीकधी, आणि आपल्या घरी गेले.

मी न्हाणीघरात बादलीवर बसून त्या गिरणीकडे बघत होतो, इतक्यात दारात सासूबाई. त्यांनी पुढे येऊन, वाकून रोलर पाहिले. मग म्हणाल्या, ‘हे माझ्या धुण्यामुळे झालं का?’

मी म्हणालो, ‘छे, हवा दमट आहे ना.’

‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘शिवणयंत्रावर आयुष्य गेलंय माझं. दमट हवा मला शिकवू नका.’

आता रडतील, उद्या बॅग भरतील आणि ही मला जन्मभर माफ करणार नाही, असा सगळा हिशेब मी बसल्या बसल्या मांडला. पण त्यांनी पदर खोचला, मला बादलीवरून उठवलं आणि कोपऱ्यातला दात घासायचा ब्रश घेऊन त्या रोलरवर तुटून पडल्या. (तो ब्रश जुना नव्हता. तो माझा होता, आणि चालू होता.) डोळ्यांना खाच दिसत नव्हती ती नखाने शोधत होत्या. घासता घासता बोलायला लागल्या. कुठल्या नवरदेवाचा कोट आयत्या वेळी उसवला, कुठली बाई दर वेळी कमरेचं माप चोरायची. मी खाली फरशीवर बसून ऐकत राहिलो. ही दाराशी येऊन उभी राहिली आणि डोळे पुसून परत गेली. शेवटी सासूबाईंनी केस वाळवायच्या यंत्राने रोलर कोरडे केले, ट्रंकेतून मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि सढळ हाताने ओतली. गिरणी लोण्यासारखी फिरायला लागली.

त्या गिरणीवर जव भरडले आणि बिअर केली. पहिला पेला काकांना दिला. बिअरवर फेस नावाला नव्हता. काकांनी घोट घेतला, छताकडे पाहिलं आणि ‘वेगळी आहे’ म्हणाले. मी घोट घेतला तर तोंडात शिवणयंत्र सुरू झालं. हिने पेला हळूच कुंडीत रिकामा केला. सासूबाईंनी मात्र वास घेतला, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, ‘दुकान उघडल्यासारखं वाटलं.’ मग आम्हाला कुणाला न विचारता त्यांनी सगळा पेला संपवला. त्या बिअरबद्दल इतकं चांगलं कुणीही बोललेलं नाही.

पुढे तेल स्पिरिटने पुसून काढलं, उरलंसुरलं तेल निघून जावं म्हणून थोडे जव भरडून फेकून दिले, कडी नवी बसवली. आता ब्रशने झाडायचं आणि खायच्या तेलाचा नुसता हात फिरवायचा, एवढंच. सासूबाईंनी तिला जाड कापडाचा अंगरखा शिवलाय, बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या ओल शोषायच्या पुड्या ठेवायला आत खिसाही आहे. दुसरी बिअर सुरेख झाली, तुझ्या हातच्यासारखी. काळजी नसावी. मांजराला माझा नमस्कार सांग.

तुझा,
भाचा

ता. क. दुसरी बिअर मी केली नाही. सासूबाईंनी केली. तिसरी आणि चौथीही. भरडलेले जव त्या भिंगातून तपासतात आणि नापास करतात. मला दांडा फिरवायला ठेवलंय, तोही मी तिरका फिरवतो म्हणे. तुझ्याकडे तांब्याचं मोठं पातेलं आहे, घर रिकामं आहे, सोबतीला कुणी नाही. महिनाभर त्यांना तिकडे बोलावशील का?

ता. क. दोन. बोलावणं तुलाच सुचलंय असं दाखव. हिला तर अजिबात कळू देऊ नकोस.

ता. क. तीन. आत्याबाईंना नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं, म्हणून चिकटवायच्या आधी भिंगातून वाचलं. तुम्ही बोलवाल तेव्हा येईन, गिरणी घेऊन येईन. एकच सांगायचं राहिलं. मी धुवायला घेतली तेव्हाच गिरणी गंजलेली होती. जावईबापूंनी ओले जव भरडून तशीच ठेवून दिली होती, आत बुरशी धरली होती. ते काढायलाच मी घासली. पण लेक म्हणाली, त्यांना बोलू नकोस, मनाला लावून घेतात.