दोरीवरचे हातमोजे

थोरल्या,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

आपल्या तांबड्या गाईने गाभ टाकला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, हा रोग माणसालाही धरतो. गोठ्यात हातमोजे घाला, दूध उकळूनच प्या."

मी म्हटलं, "माझ्या सासूने जन्मभर उघड्या हातांनी वासरं ओढली. तिला काय धाड भरली?"

बिचारे डॉक्टर मोजे खुंटीला अडकवून गेले.

मग शेजारचा गवळी त्याच रोगाच्या तापाने पडला. बघायला गेले, तर बायको कपाळावर पट्ट्या ठेवतेय, सून पाणी पाजतेय, नात पाय चेपतेय. नवरदेवाचा थाट मेल्याचा! घरी आले आणि मुकाट्याने मोजे चढवले. मरणाला मी भीत नाही रे. पण अंथरूण धरलं तर मला पाणी कोण देईल? तांबडी?

डॉक्टर खूश झाले. "पटलं ना माझं?"

"पटलं हो," म्हटलं. त्यांचा आनंद कशाला घालवू?

मोजे चांगले कोपरापर्यंत लांब आहेत. धुऊन दोरीवर टाकले की वाऱ्याने हलतात. काल गवळीण कुंपणावरून ओरडली, "आजी, अंगणातून हात कोण करतंय? थोरला आला का?"

"मोजे आहेत," मी म्हटलं.

हे पत्र तुला धाडणार नाही. धाडलं तर म्हणशील, गाय विक आणि इकडे ये. तुझ्या घरात दिवसभर भिंतीशी काय बोलू? तांबडी निदान कान तरी हलवते.

मोजे कालच वाळले. अजून दोरीवरच आहेत.

तुझी धडधाकट
आई