नऊ किलोमीटरचं तेल

४ जानेवारी

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. विनंती विशेष आहेच, पण आधी तक्रार. फोनवर केली असती, परंतु घंटी वाजली की आई घाबरते असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून टपालाचा मार्ग.

दादाच्या गाडीच्या पावत्या तुम्ही नेमाने पाठवता आणि मी त्या नेमाने, न वाचता, फायलीत लावतो. काल चाचणीचे पेपर तपासून डोळे शिणले, म्हणून विरंगुळा म्हणून पावत्या वाचल्या. विरंगुळ्याला पावत्या लागाव्यात, यावरून माझी अवस्था ओळखा.

दादाला जाऊन दीड वर्ष झालं. तेवढ्यात इंजिनातलं तेल चार वेळा बदललं! ऑगस्टची आणि डिसेंबरची पावती शेजारी ठेवून पाहिली. मधल्या चार महिन्यांत गाडी चालली नऊ किलोमीटर, म्हणजे गॅरेजला जाऊन येण्यापुरती. या सिंथेटिक तेलाच्या डब्यावर छापलेलं असतं की दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. नऊ किलोमीटरमध्ये दमायला ते तेल आहे की मी?

धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे मुलांना शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. इथे धूर आहे, आणि अग्नी म्हणजे तुमचा तो मेकॅनिक. तुम्हांला गाडी चालवता येत नाही, आई गाडीत बसत नाही. मग पोसायची कुणासाठी? विकून टाकू या. गिऱ्हाईक मी बघतो.

आईला माझा नमस्कार सांगा. कुणाचा ते तिला आठवलं नाही, तरी सांगा.

लोभ आहे तेवढाच राहू द्या, वाढवायला तुम्हांला वेळ कुठे आहे.

तुमचा दीर

१३ जानेवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. पत्र मिळालं, गाऱ्हाण्यासकट.

मेकॅनिक तसा माणूस नाही. तेल मोजायची दांडी काढून तो मलाच दाखवतो. तेल काळं असतं आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. का येतो ते मला विचारू नका, पंडित तुम्ही आहात. गाडी मात्र विकायची नाही. एवढं माझं ऐका.

आईंचं ठीक आहे. खातात, झोपतात. मला कधी ताई म्हणतात, कधी अहो बाई. माझ्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं, ते मी पुन्हा पुढे ढकललं. डॉक्टर चिडले. पण तीन आठवडे घर सोडायचं म्हणजे... असो. दुखलं की गोळी घेते. माझ्या धाकट्या बहिणीचा, ये आणि माझ्याकडे राहा, असा धोशा चालू आहे. तिला म्हणायला काय जातं!

काळजी करू नका. करायचीच असेल तर स्वतःच्या डोळ्यांची करा.

वहिनी

२२ जानेवारी

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. पूर्वपक्ष मी मांडला होता, आता उत्तरपक्षात माझीच फजिती ऐका.

मेकॅनिकला फोन केला. शब्द जरा जड वापरले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की मास्तर, मीटर चाकं मोजतो, इंजिन मोजत नाही. गाडी रोज जागेवर पंधरा मिनिटं चालू ठेवली तर किलोमीटर शून्य, पण इंजिनाची झीज व्हायची ती होतेच. शिवाय ते पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते, आणि मग कितीही भारी तेल असलं तरी वर्ष काढत नाही. मी विचारलं, रोज चालू ठेवतं कोण? तर म्हणाला, ते ताईंनाच विचारा. आणि फोन ठेवून दिला.

मी समजलो. बॅटरी उतरू नये म्हणून तुम्ही हा उपद्व्याप करता. दादाच्या वस्तूवर माया मलाही आहे, पण तुमच्या तब्येतीपेक्षा बॅटरी मोठी नाही. आमचे चित्रकलेचे मास्तर गाडी घ्यायला तयार आहेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन घेऊन जातील. तुम्ही फक्त किल्ली द्या आणि ऑपरेशनची तारीख घ्या.

रागावलात तरी लोभातून वजा करू नये.

तुमचा दीर

२८ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद. चित्रकलेच्या मास्तरांना पाठवू नका. हे आधी लिहिते, कारण मागून.

हे गेले ते आईंना सांगितलं तेव्हा तुम्ही इथेच होतात. किती रडल्या ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही परत गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, थोरला उठला का? मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढ्याच रडल्या, नव्याने. असे चार दिवस. पाचव्या दिवशी, गाडी बरेच दिवस उभी आहे म्हणून मेकॅनिक बघायला आला आणि त्याने ती चालू केली. आई आतून म्हणाल्या, निघाला वाटतं. आणि समोरचा दूध-पाव सगळा खाल्ला.

तेव्हापासून रोज सव्वाआठला मी फाटक उघडते, गाडी चालू करून पंधरा मिनिटं आत बसते, बंद करते, फाटक लावते. आईंचे कान अर्धे गेलेत. आवाज सुरू झालेला त्यांना कळतो, कुठे गेला ते कळत नाही. कधी मी स्टिअरिंगवर डोकं टेकते. एकदा डोळा लागला आणि अर्धा तास गाडी धडधडत राहिली.

ही लबाडी आहे, कळतं मला. तुम्ही शास्त्र शिकलात, याला काय म्हणतात ते लिहून कळवा. पण रोज सकाळी त्यांना तेच सांगणं मला जमत नाही.

मी तीन आठवडे गेले तर गाडी कोण चालू करणार? कामाच्या बाईंना येत नाही. बहिणीला बोलवावं तर ती पहिल्याच दिवशी खरं बोलून मोकळी होईल. म्हणून ऑपरेशन राहिलं. मी दमलेय, भाऊजी.

वहिनी

१७ फेब्रुवारी

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. उत्तर लिहायला उठून बसू नका, टाके ओले आहेत. तुमच्या बहिणीलाही तसं बजावून ठेवलं आहे.

शास्त्रात याला काय म्हणतात ते शोधलं नाही. हेत्वाभास मात्र सापडला, माझाच. पावत्या बघून मी मेकॅनिकला चोर ठरवलं. गॅरेजमध्ये जाऊन माफी मागितली. त्याने चहा पाजला. रागावला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही ऑपरेशनला गेल्यावर पहिल्या दिवशी मी पाच मिनिटांतच गाडी बंद केली. वाटलं, सूत्ररूपाने भागेल. आई दाराशी येऊन म्हणाली, हा परत का आला, काय विसरला? आणि साडेदहापर्यंत तिथेच बसून राहिली. दूध-पाव तसाच. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण पंधरा मिनिटं, भाष्यासकट.

मेकॅनिकचं म्हणणं, जागेवर चालवण्यापेक्षा अर्धा तास रस्त्यावर न्या, इंजिन नीट तापू द्या, मग तेल वर्षभर बघायला नको. म्हणून परवापासून कामाच्या बाईंना आईजवळ बसवून गाडी खरोखरच बाहेर काढतो. पुलापर्यंत जातो आणि परत येतो. दादाची सीट माझ्या पायांच्या बेताने पुढे ओढावी लागली. त्या कामाला वेळ लागला.

आज परत आलो तेव्हा आईची ताटली रिकामी होती. तिने मला नीट निरखलं आणि विचारलं, आपण कोण? मला ‘आपण’ म्हणाली, वहिनी. मी सांगितलं, आई, मी धाकटा. ती हसली. म्हणाली, नाही हो, धाकटा लांब मास्तर आहे, त्याला यायला कुठली सवड! थोरला आत्ताच गेला, संध्याकाळी येईल. बसा.

मी बसलो. तिने माझी अगत्याने चौकशी केली. घर लांब आहे का, जेवणाचं काय करता, आई आहे का. आहे म्हणालो. तर म्हणाली, मग तिच्याकडे जात जा हो अधूनमधून.

दुपारी मुख्याध्यापकांना पत्र टाकलं. रजा वर्षअखेरपर्यंत वाढवून मागितली आहे, बिनपगारी चालेल असं लिहिलं. टाके निघाले म्हणून तुम्ही धावत येऊ नका. बहिणीकडे राहा, उशिरा उठा.

लोभ असू द्या. यायची घाई नसू द्या.

तुमचा दीर