इराण्णाचे कान

१२ जानेवारी २००१, शुक्रवार

माग बंद, म्हणून शेडमध्ये पोरांचा सराव. चहा घेऊन गेले तेव्हा आमच्या अभयच्या गिटारची तार तुटलेली, त्याचा मित्र सचिन बेस गळ्यात अडकवून माझ्याच ओळी ओरडत होता, आणि इराण्णा ड्रमवर. तिघंच, पण वरचा पत्रा थरथरत होता.

हे सोप्यात पेपर घेऊन बसलेले. म्हणाले, "आठवड्यातनं एक दिवस माग गप असत्यात, त्यो बी ह्यांनी खाल्ला."

बँडचं नाव ठरलं. धोटा, मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो. सचिनला इंग्रजी नाव हवं होतं. इराण्णा म्हणाला, "दिवसभर त्योच पळतोय की डोळ्यापुढनं. त्येच ठेवा."

तो आमच्याच मागांवर काम करतो, पंधराव्या वर्षापासून. त्याची आई गिरिजव्वा धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरते. अभयच्याच वयाचा. एक कॉलेजला गेला, एक मागावर. ह्यात माझं काही चुकलं असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नवं गाणं: उभा धागा माझा, आडवा धागा तुझा, कापड कुणाचं? वर्गात वीस वर्षं कविता शिकवून चव्वेचाळिसाव्या वर्षी असलं काहीतरी लिहिते आहे. पोरासाठी लिहिते, असं सगळ्यांना सांगते.

१० फेब्रुवारी

आमच्या कॉलेजचं गॅदरिंग, जयसिंगपूर. धोटाला शेवटची दहा मिनिटं दिलेली. प्राचार्य पहिल्या रांगेत कानात बोटं घालून बसले. शेवटी टाळ्या वाजवायला बोटं काढावीच लागली.

पोरं खुर्च्यांवर चढली. 'कापड कुणाचं?' असं सचिननं विचारलं की सगळं मैदान 'आमचं!' म्हणून ओरडायचं. हे 'आमचं' मी लिहिलेलं नाही. ते त्यांचं त्यांनी घातलं. आणि गाण्यात तेच सगळ्यात चांगलं आहे.

४ मार्च

कोल्हापूर. पहिलाच मोठा कार्यक्रम, खूप गर्दी. शेजारी फेटा बांधलेले एक गृहस्थ, नातवाला घेऊन आलेले.

"व्हय बाई, ते वराडतंय ते पोरगं तुमच्या वळखीचं हाय?"

"आहे."

"मग त्येच्या घरात सांगा, मध-हळद द्या म्हणावं. पर मागं बसून बडवतंय ते बेणं... ते एक नंबर. कुणाकडं बघत न्हाय, काय न्हाय. नुसता त्या गिटारवाल्याचा हात बघतंय."

खरंच आहे. इराण्णाची नजर अभयच्या उजव्या हातावरून हलत नाही. आणि वाजवताना चप्पल काढून ठेवतो.

पुण्याच्या कॅसेट कंपनीचा माणूस भेटला. मे महिन्यात रेकॉर्डिंग करू म्हणाला. परतताना गाडीत तिघं इतकी ओरडत होती की ड्रायव्हरनं गाडी थांबवून शिव्या दिल्या.

२३ मार्च, शुक्रवार

दुपारी सराव चालू असताना लाइट गेली. शटर ओढलेलं, त्यामुळे शेडमध्ये मिट्ट काळोख. काळोखात सचिननं ह्यांची नक्कल केली, "त्यो बी ह्यांनी खाल्ला", अगदी हुबेहूब. अभय लोळायचा बाकी राहिला. मीही तोंडावर पदर घेतला. इराण्णा गप्प.

मी म्हटलं, "इराण्णा, तुला नाही आवडली वाटतं?" उत्तर नाही. परत विचारलं. नाहीच.

लाइट आली. त्यानं आमच्या तिघांच्या तोंडांकडं पाहिलं आणि तो हसायला लागला. चांगला मोठ्यानं.

माझं हसू तिथंच थांबलं. चहाचे कप गोळा करून घरात आले.

मागावरची माणसं आवाजानं बोलतच नाहीत. एवढ्या खडखडाटात कोण ऐकणार? ओठ हलवतात, बोटं नाचवतात, चार माग पलीकडच्याला घरचं सगळं सांगतात. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. सगळेच तोंडाकडं बघून बोलतात. त्यातला एक का बघतो, हे कोण विचारणार?

२५ मार्च

काल मुद्दाम केलं. तो पाठमोरा जेवत होता. मागून हाक मारली. दोनदा. मग पुढं जाऊन तेच म्हटलं तर लगेच, "काय अक्का?"

स्वतःची लाज वाटली. असं तपासतात का माणसाला?

ह्यांना म्हटलं, त्याला मिरजेला कानाच्या डॉक्टरकडं न्यायला हवं. "मागावरच्या माणसाचं कान असंच असत्यात. माझं बी तसंच हाय," म्हणून टीव्ही मोठा केला.

६ एप्रिल

गिरिजव्वा पौर्णिमेला वाडीला जाऊन दत्ताला नवस बोलणार आहे. पोरगं घरात बोलेनासं झालंय म्हणून. "त्या बँडमधी कुणी काय बोललंय का त्येला, वैनी? हाक मारली तर वळून बघत न्हाई. रुसलंय जणू."

सांगायला तोंड उघडलं होतं. मग बाहेर आलं ते, "वय असतं तसं."

का? तिला सांगितलं तर ती त्याचा ड्रम आधी बंद करेल. माग बंद करणं तिच्या हातात नाही. आणि रेकॉर्डिंग महिन्यावर आलंय. अभय तीन रात्री नीट झोपलेला नाही आनंदानं.

रेकॉर्डिंग झालं की लगेच मिरज. पुण्याहून परत आल्या आल्या.

असं लिहिलं की बरं वाटतं. म्हणूनच लिहिलं असावं.

१६ मे, पुणे

नीट लिहायचं. जसं झालं तसंच.

आम्हाला वाटलं होतं, तिघं एकत्र वाजवतील. तिथं तशी पद्धत नाही. आधी ड्रम एकटा, काचेच्या खोलीत. कानावर हेडफोन, त्यात टिक टिक ठोका आणि अभयनं आधी वाजवून ठेवलेली गिटार. ते ऐकत वाजवायचं. अभय आमच्या बाजूला, काचेकडं पाठ करून कोचावर. म्हणजे इराण्णाला बघायला हात नाही.

पहिल्यांदा ठोका सोडून पुढं गेला. दुसऱ्यांदाही. रेकॉर्डिंगवाले गृहस्थ यंत्रावर मान खाली घालून माइकमध्ये बोलायचे, "थांब, परत." हा थांबायचाच नाही. सचिन चिडला, "आरं इराण्णा, झोपलास काय! इज्जत काढतोस व्हय!"

चार तास. इराण्णाचा शर्ट घामानं भिजला. प्रत्येक वेळी मान डोलावून "व्हय, व्हय" म्हणायचा. काय व्हय?

मला माहीत होतं. त्या खोलीत एकटीला मला माहीत होतं. अभयला काचेसमोर उभं करा, हात दिसू दे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर. आणि मला आधीपासून माहीत आहे, हेही.

रेकॉर्डिंगवाले म्हणाले, "मॅडम, ह्या मुलाला ताल धरता येत नाही. आमच्याकडं एक जण आहे, उद्या दिवसभरात सगळी गाणी करून देईल." अभयनं माझ्याकडं पाहिलं. "आई, काय करूया?"

मी म्हणाले, "त्याच्यासाठी सगळ्यांचं अडून राहायला नको. दुसरा घ्या."

काच जाड आहे, पलीकडं आवाज जात नाही, हे माझ्या डोक्यात होतं. म्हणूनच इतक्या मोकळेपणी बोलले. मान वर केली तर इराण्णा माझ्या तोंडाकडं बघत होता. त्यानं हेडफोन काढून स्टुलावर ठेवले, काड्या त्यावर ठेवल्या, चपला घातल्या.

आवाज लागतच नाही त्याला. तोंड दिसलं की पुरतं. आयुष्यभर मागाच्या घरात राहून मी हे विसरले.

आम्हा जैनांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, मी सारखी खिडकीकडं बघत होते. भुकेनं, घाईनं तोंडातून गेलं असेल का? नाही. जेवण तसंही राहिलंच.

१७ मे

तो सकाळच्या एसटीनं एकटाच परत गेला. जाताना माझ्या पाया पडला. "अक्का, गाणी चांगली व्हऊ देत."

२० जुलै

कॅसेट आली. कॅसेटच्या दुकानात अभयनं स्वतः लावली. ड्रम अगदी स्वच्छ, घड्याळासारखा. 'कापड कुणाचं?' नंतर जी जागा इराण्णा सोडायचा, लोकांनी ओरडावं म्हणून, ती ह्या माणसानं भरून टाकली आहे.

कव्हरवर गीतकार म्हणून माझं नाव. कॉलेजमध्ये पेढे वाटले. मीच वाटले.

मिरज राहिलीच. पाऊस, मग परीक्षेचे पेपर. हे लिहिताना अक्षरसुद्धा खोटं वाटतं आहे.

इराण्णा कामावर येतो. शुक्रवारी सरावाला येत नाही.

३ सप्टेंबर

दशलक्षण पर्व संपलं. आज क्षमावणी. सकाळी मंदिरात, मग घरोघर, मग शेडमध्ये. दरवर्षी जाते. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी. विणकर हसून हात जोडतात, त्यांना हे आमचं नेहमीचं माहीत आहे.

इराण्णासमोर उभी राहिले. तेच वाक्य म्हटलं, जसंच्या तसं. त्यानं ओठ वाचले, हात जोडले, "आमचं बी काय चुकलं असंल तर, अक्का."

सगळ्यांना म्हणायचं वाक्य त्याला म्हटलं. जाणता-अजाणता! त्यातला 'अजाणता' किती सोयीचा. क्षमा मागितल्याचं पुण्यही पदरात आणि सांगितलं काहीच नाही. याहून न गेलेली बरी.

२१ ऑक्टोबर

कोल्हापूरला परत कार्यक्रम, कॅसेटमुळे दुप्पट गर्दी. ड्रमवर पुण्याचा मुलगा. दुसऱ्याच गाण्याला मागून आवाज, "इराण्णा कुठाय?" मग सगळेच. "इ-रा-ण्णा!" अभय वाजवत राहिला. सचिन थांबला. बेस खाली ठेवला आणि माइकवर म्हणाला, "आमी पळवला त्येला." आणि उतरून गेला.

नंतर मागच्या बाजूला दोघांचं जुंपलं.

"तूच काढलंस त्येला. तुझ्या बापाचा माग, तुझं बँड, तुझ्या आईची गाणी!"

"मी न्हाई. आई म्हणाली."

"व्हय, आणि तू चौथीत हायस!"

मी तिथंच उभी होते. सचिन माझ्याकडं वळला. वाटलं आता बोलेल. नुसतं म्हणाला, "काकू, तो खरंच तालाला चुकला का हो? आमच्याबरोबर कधी चुकला नव्हता."

तेव्हा तरी. तेव्हा तरी सांगायचं. मी म्हणाले, "थंडी आहे, गाडीत बसा."

२ डिसेंबर

अभय बंगळूरला गेला, नोकरीसाठी. गिटार नेली नाही. सचिन वडिलांच्या भुसार दुकानात बसतो. परवा साखर घ्यायला गेले तर "काय देऊ काकू?" एवढंच. धोटा संपला, असं कुणी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

ह्यांना म्हटलं, शेडमधल्या सगळ्यांचेच कान तपासून घेऊ, डॉक्टरलाच इथं बोलावू. सगळ्यांचे, म्हणजे एकट्याला काही बोलावं लागणार नाही. ह्यांना हे कळलं नाही. ते म्हणाले, "सगळ्यांचं तपासलं तर सगळंच बहिरं निघत्यालं. मग माग कोण चालवणार, तू?"

मी हसले.

२४ जानेवारी २००२, गुरुवार

गिरिजव्वा सकाळी आली. इराण्णासाठी मुलगी बघितली आहे, बेळगावकडची. पाहुणे विचारतात, मुलगा अबोल आहे का, काही दोष आहे का. "दोष कसला, वैनी? तुमी शिकल्याल्या. तुमीच सांगा त्यास्नी. तुमच्या शब्दाला किंमत हाय."

आता मी 'दोष नाही' म्हणायचं. म्हणजे त्या मुलीलाही फसवायचं.

दुपारी शेडमध्ये गेले. सगळे माग चालू. शुक्रवारपर्यंत थांबले असते तर शांततेत बोलता आलं असतं, पण शुक्रवार कितीतरी गेले. त्याच्या मागासमोर जाऊन उभी राहिले. बोलले. मला माझाच शब्द ऐकू येत नव्हता.

म्हटलं, तुला ऐकू येत नाही हे मला पुण्याआधीपासून माहीत होतं. तू तालाला चुकला नाहीस. तुला अभयचा हात दिसत नव्हता. हे मला कळत असून मी दुसरा घ्या म्हटलं. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. उद्या मिरजेला जाऊ, मी येते बरोबर.

सगळं सांगितलं. तो एकटक तोंडाकडं बघत होता. एकदाही 'व्हय, व्हय' म्हणून मान डोलावली नाही.

मग बोलला. ओठांनीच, मागावरच्यासारखा. बराच वेळ. मध्येच छातीवर बोट ठेवलं, मध्येच माझ्याकडं केलं. चेहऱ्यावर राग होता का, ते पण कळेना. मला ओठ वाचता येत नाहीत. पंचवीस वर्षं ह्या शेडशेजारी राहते, कधी गरज पडली नाही.

पलीकडच्या मागावरची दोघंतिघं आमच्याकडं बघत होती. त्यांनी वाचलं असणार. माझंही, त्याचंही. एकानं मान खाली घातली.

इराण्णा थांबला. उत्तराची वाट बघत होता.

परत सांग, असं म्हणायचं होतं. मी मान हलवली. हो म्हणून.

तो वळला आणि तुटलेला धागा जोडायला लागला. मी कशाला हो म्हणाले ते मला माहीत नाही. मिरजेला सकाळी सातची गाडी आहे. मी स्टँडवर जाऊन थांबणार आहे.