स्वयंपाकघराच्या बाजूच्या दोन पट्ट्या

सूनबाई,

मी फिरायला जातोय, सुतार तेवढ्यात येईल. गाडीच्या शेडला तू आखलेला लाकडी पट्ट्यांचा आडोसा झकास आहे. रस्त्याकडच्या पट्ट्या जवळजवळच असू देत, म्हणजे उभ्या गाडीत रेडिओ घेऊन बसलेला म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसणार नाही.

स्वयंपाकघराच्या बाजूने मात्र ड्रायव्हरच्या खिडकीसमोरच्या दोन पट्ट्या गाळायला सांग. डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केल्यापासून किल्ली तुझ्या सासूकडेच असते, तरी ती ओट्याजवळून सारखी डोकावते. मला ते कळत नाही, असं तिला वाटतं. वाटू दे. पट्ट्या का गाळल्या विचारलं, तर वाऱ्यासाठी म्हण.

त्या बाजूची काच मी आत्ताच लख्ख पुसून ठेवलीय.

– बाबा