दुसरं पान पुन्हा भरा

२ फेब्रुवारी, सोमवार

परत दिला! दोन तास रांगेत उभी राहून खिडकीशी पोचले, तर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, अर्जाचं दुसरं पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे पान पुन्हा भरून आणा." काय चुकलं म्हणून विचारलं, तर डोक्यावरच्या पाटीकडे बोट. 'अर्जात काय लिहावे याबाबत कर्मचारी सल्ला देणार नाहीत.' मग बसल्यात कशाला तिथे?

कृत्रिम पाय बनवायला शिकायचं म्हणून घरदार सोडून इतक्या लांब, परक्या देशात आले. शेवटच्या वर्षी सहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची. सक्ती कॉलेजची, पण इथल्या मुलांनी उद्यापासून खुशाल जावं आणि मी मात्र आधी काम-परवाना आणावा. अर्ज जाणार कॉलेजच्याच परवाना कक्षामार्फत, म्हणजे या बाईंच्या हातून. २ मार्चला रुजू झाले नाही तर जागा गेली. जागा गेली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की शिक्षणाचा परवानाही गेला. मग बॅग भरा आणि घरी! एकीकडून म्हणायचं कर, दुसरीकडून म्हणायचं थांब.

३ फेब्रुवारी

बाईंचं नाव आजपासून परतबाई.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

इंटर्नशिपची जागा मिळालीय त्या कार्यशाळेत गेले. सगळा राग कानशीवर काढला. इथल्या मुख्य कारागिराला सगळे उस्ताद म्हणतात. जानेवारीत पहिल्याच दिवशी म्हणाले होते, परवाना येईपर्यंत नुसतं बघ. बघून का कुठे हात बसतो? दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी कानस उचलली. ते काही बोलले नाहीत. बारा पाय खोळंबलेले, बोलतील कशाला.

आज टपालवाल्या काकू आल्या होत्या. बत्तीस वर्षं घरोघर टपाल वाटलं, आता एक पाय गुडघ्याखाली नाही. नवीन पायाची वाटी, म्हणजे पाय जिच्यात बसतो ती, कडेला टोचत होती. कड मी उतरवली. दोनदा घासली, दोनदा घालून बघितली. मग काकू काठी भिंतीला टेकवून अख्खा व्हरांडा चालून आल्या. "आता नाही गं टोचत." मला रडूच आलं. याच्यासाठीच तर आलेय मी!

आणि पगार? छदाम घेत नाही. आईचा मंत्र आहे — आधी काम दाखव, मग माग. फुकट राबणाऱ्याला कोण नाही म्हणतंय? म्हणून तर अर्जात 'कामाचा तपशील' या रकान्यात ठसठशीत लिहिलंय, की चार आठवडे मी तिथे विनावेतन काम करतेच आहे. आणखी काय पुरावा हवा माणसाला?

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा परत! पान नव्यानं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. चारचे पाच आठवडे केले, काकूंच्या वाटीचंही घातलं. परतबाईंनी वाचलं आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही तिथे नुसतं बघायला जाता. नाही का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. बघायला? मी काय जत्रेला आलेय? अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, की मी रोज चार तास काम करते, हवं तर उस्तादांना विचारा. बाईंनी मागे साहेबांच्या दाराकडे पाहिलं आणि अर्ज घाईनं माझ्याकडे सरकवला. हळू बोला म्हणाल्या. आता आवाजालाही परवाना लागतो वाटतं!

१२ फेब्रुवारी

आई फोनवर — "पैसे तर नाही ना खायचेत तिला?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता जात नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्यांदा दिला. सहा आठवडे. या वेळी परत नाही दिला, ठेवून घेतला. सुटले एकदाची.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कसली सुटले! अर्ज पुढे गेलाच नाहीये. परतबाईंच्या ड्रॉवरमध्ये पडलाय, माझी निळी फाइल मी या डोळ्यांनी पाहिली. दहा दिवस उरलेत आणि या बाई म्हणतात, "हा राहू दे माझ्याकडे. एक कोरा अर्ज घेऊन जा." चौथा!

कोरा अर्ज तिथेच टाकून बाहेर पडले. पायरीवर बसूनच प्राचार्यांना तक्रार लिहिली. बाईंनी तीनदा अडवलं, का ते एकदाही सांगितलं नाही. तिन्ही अर्जांच्या प्रती जोडल्या, म्हणजे त्यांनाच दिसेल माझी कुठे तसूभर चूक आहे का. खाली सही ठोकली. फार दिवसांनी पोटभर जेवले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उस्तादांना मोठ्या फुशारकीनं सांगितलं. त्यांचे हात थांबले. तक्रारीला काय जोडलंस, एवढंच विचारलं. मग माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि म्हणाले, आज घरी जा. साहेबाचं नाव काढलं की भल्याभल्यांची गाळण उडते. यांचीसुद्धा!

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाच दिवसांत उत्तर. इथे इतक्या वेगानं हललेला माझा पहिलाच कागद. 'तक्रार व सोबतचे तिन्ही अर्ज पुढील कार्यवाहीसाठी परवाना कार्यालयाकडे पाठवले आहेत.'

परतबाईंना दाखवायला मुद्दाम गेले. त्यांनी पत्र वाचलं. पाटीकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून कोरा अर्ज काढला, दुसरं पान उघडलं आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. 'परवान्यापूर्वी केलेले काम, विनावेतन असले तरी, नियमभंग समजून शिक्षण-परवाना रद्द केला जाईल.'

बोट बराच वेळ तिथेच होतं. मग त्यांनी अर्ज मिटून ड्रॉवरमध्ये ठेवला. या खेपेला घेऊन जा म्हणाल्या नाहीत.