ओढा परत आला

आई, काल तुझी ओढ्याची कहाणी मी लोकांसमोर सांगितली. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीनं ऊन, पाणी, झाडं यांच्या गोष्टींचा कार्यक्रम ठेवला होता. कुणी चित्रं मांडली, कुणी गाणी म्हटली. कार्यक्रम ठरवणारी मुलगी आदल्या दिवशी म्हणाली, "ताई, शेवट पॉझिटिव्ह ठेवा हं. लोक आधीच उन्हानं वैतागलेत." माझं मनात मात्र ठरलेलं होतं, खरं तेच सांगायचं. गेल्या महिन्यात मी केमला जाऊन तुझ्या माहेरचा, कहाणीतला तो ओढा पाहून आले होते. पाण्याचा थेंब नाही, नुसत्या वेड्या बाभळी.

मी लहान असतानाचं भवानी पेठेतलं आपलं स्वयंपाकघर. श्रावणातला रविवार. इतरांच्या घरी कहाणी ऐकताना हातात अक्षता, आपल्याकडे ज्वारी. कहाणी पुरी होईपर्यंत मूठ उघडायची नाही. गावानं घाण टाकली म्हणून ओढा रुसून जातो, बायका त्याची समजूत काढायला निघतात. मी मध्येच हात उघडते आणि तू खेकसतेस, "मिट आदी! पाणी अजून वाटंतच हाय की."

काल मीही सगळ्यांच्या हातात ज्वारी दिली, तुझा नियम सांगितला. ओढा रुसून गेला इथवर आले, "तो अजून आलेला नाही," म्हटलं आणि थांबले. सगळे मुठी मिटून माझ्याकडे बघत बसलेले. पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अवो बाई, संपली का न्हाय? मूठ सोडू का नको? लई घाम आलाय हाताला." हशा झाला, पण हात कुणीच उघडला नाही. यांना असंच घरी पाठवायचं? माझ्या तोंडून तुझ्या कहाणीतलं पुढचं निघून गेलं. बायका गेल्या, समजूत काढली, ओढा परत आला. मुठी उघडल्या. ती मुलगी खूश झाली.

मी कहाणी पुरी केली की खोटं बोलले? तुझ्या लहानपणी तरी केमचा तो ओढा वाहत होता का? हे मी तुला कधी विचारलंच नाही, आणि आता हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? एवढंच सांगते. "परत आला" म्हणताना क्षणभर मलाही ते खरं वाटलं, आणि फार बरं वाटलं. तेच सहन होत नाहीये.