भिवाकाकांचा फाऊल

५ फेब्रुवारी २०१८

शी! आख्खा दिवस फुकट. आमच्या ऑनलाइन कॅरममध्ये घेतलेली सोंगटी आपोआप बोर्डावर परत येते, मग फोनवर एक बोर्ड, सर्व्हरवर दुसराच, आणि खेळ अडकतो. फक्त जुन्या फोनवर! बॉस जयवंत सर म्हणे, "कांता, जुन्या फोनवाल्यांसाठी कशाला जीव काढतेस?"

पण तक्रार माझ्याच घरातली. बाबा रोज चहानंतर भिवाकाकांशी खेळतात. गिरणीत दोघांचे साचे, म्हणजे कापडाचे माग, शेजारी-शेजारी होते. संपानंतर काका कणकवलीला गेले ते कायमचेच. दोघांच्या फोनवर हा खेळ मीच घालून दिला. आज बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "भिवा हल्ली फाऊल कबूल करता!" आणि फोन पालथा ठेवला. चिडलेत. म्हातारपणी या दोघांचं आमच्या भिकार प्रोग्रामवरून बिनसलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

६ फेब्रुवारी

ऑफिसच्या नव्याकोऱ्या फोनांवर सगळं गोड चाललंय. मेले!

८ फेब्रुवारी

बाबांचा फोन मागून ऑफिसला नेला. "संध्याकाळच्या आत आणून दी हां," तीनदा बजावलं.

ऑफिस परळला, बाबांच्याच गिरणीच्या जागेवर. संपापासून बाबांनी या फाटकात पाऊल टाकलेलं नाही. कॅन्टीनचं नाव 'लूम'! दाराशी एक खराखुरा साचा सोनेरी रंगवून ठेवलाय, त्याला टेकून लोक सेल्फी काढतात. मला रोज ओकारी येते आणि रोज तिथेच कॉफी पिते.

फोनवर एवढं कळलं — भिवाकाका खेळले की लगेच "फाऊल" उमटतो आणि त्यांची सोंगटी परत बोर्डावर येते. सर्व्हरवर मात्र फाऊलचा पत्ताच नाही. इतर कुणाशी खेळलं तर सगळं ठीक.

९ फेब्रुवारी

सापडलं! आणि सापडल्यावर किळसच आली.

प्रत्येक खेळीचा निरोप सर्व्हरवरून फोनवर जातो. निरोपात शब्द नसतात, क्रमांक असतात. एक म्हणजे कोण खेळला, दोन म्हणजे स्ट्रायकर कुठे ठेवला, असं. पूर्वी सात म्हणजे फाऊल. तो आम्ही पुढे काढून टाकला. रिकामा झालेला क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण कुणीतरी दिलाच! सात नंबरच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलंय आणि जुन्या फोनांत अजून जुनाच प्रोग्राम, ते पोस्टमनसारखे जुन्याच नावानं हाका मारतायत.

नव्या बिऱ्हाडाचं नाव 'कंपॅनियन'. म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

हे काम आमच्याच टीममधल्या उत्तमचं. आधी म्हणे, "जाऊ दे ना यार, क्रमांक बदल आणि मोकळी हो." मग जिन्यात गाठला तेव्हा बोलला. खेळगडी बरेच दिवस आला नाही तर त्याच्या नावानं सर्व्हर स्वतःच खेळतो. त्याचीच जुनी लकब उचलून! "नाहीतर समोरचा कंटाळून सोडून जातो ना." अशा खेळीवर खूण म्हणून सात.

म्हणजे बाबा मशीनशी खेळतायत. नोंदी काढल्या. भिवाकाकांचा फोन शेवटचा जोडला गेला तो दिवाळीआधी. कंटाळले असतील काका. आणि माझा बाप रोज चहा संपवून, चष्मा पुसून, मशीनला "ये रे भिवा" म्हणतो!

थू.

१३ फेब्रुवारी

जयवंत सरांपुढे मनातलं सगळं ओकले. ते हसले. "अगं, लोकांना सोबत मिळते. वाईट काय आहे त्यात?" वर म्हणे फाऊल तेवढा दुरुस्त कर, बाकीच्याला हात लावू नकोस.

याच जागेवर बाबांनाही असंच गोड बोलून फसवलं होतं. जागा बदलली नाही, फक्त एसी आला.

१४ फेब्रुवारी

दुरुस्त केलं. सात क्रमांक कायमचा मिटवला. आणि त्याबरोबर ते 'कंपॅनियन'ही बंद केलं. सगळ्यांसाठी. ज्यांवरून ते लकब उचलायचं त्या जुन्या खेळींच्या नोंदीही पुसल्या, कुणी पुन्हा सुरू करायला नको. नोकरी जाईल. जाऊ दे. आठवड्यात पहिल्यांदा तोंडाची कडू चव गेली.

उद्या बाबांना सांगणार. भीती वाटते. पण खरं कळायला हवं त्यांना.

१५ फेब्रुवारी

मशीन खेळतंय एवढं सांगितलं, बंद केल्याचं अजून नाही. बाबा चष्मा पुसत म्हणाले,

"माका ठाऊक आसा गो. भिवा दिवाळीतच गेलो. तेच्या पोराचो फोन इल्लो. तुका बोललंय नाय."

मग म्हणाले, भिवान जल्मात फाऊल कबूल केल्यान नाय. ह्यो करूक लागलो तेवाच वळाकलंय, ह्यो भिवा नाय. पण स्ट्रायकर ठेवता तो तसोच, डाव्या कोपऱ्यात.

"हापिसात सांग, तेका बंद करू नको म्हणान."

चहा निवला. फोन मांडीवर. "आज अजून इलो नाय गो तो."